तीन वर्षांचा निरोप्या

पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घातला की न बोलणारं मूल बोलायला लागतं, असं आमच्या भागात पुष्कळ जण मानतात. वेखंड उगाळून जिभेला लावणं तर घरोघरी चालतं. या दोन्ही गोष्टी करून झाल्या, नारायणगडावर नवस बोलून झाला, की मग मूल माझ्याकडे येतं. त्यामुळे माझ्याकडून अपेक्षा फार नसते, घाई मात्र फार असते. एका आजोबांनी तर आल्या आल्या शर्टाची बाही वर करून नातवाचा दंड पुढं केला होता. बोलायचं इंजेक्शन कुठं देतात, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मी वाचा आणि श्रवण तज्ज्ञ आहे. बीडला बसस्थानकाच्या मागं माझं छोटं केंद्र आहे आणि बाजाराच्या दिवशी मी पाटोद्याला एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसतो. लोक मला ‘बोलायचा डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीला प्रत्येकाला सांगायचो. पुढं सांगणं सोडून दिलं, कारण डॉक्टर म्हटलं की लोक ऐकतात. लोक ऐकतात यातूनच माझ्या हातून जे घडलं, ते लिहायला बसलो आहे.

काम काय असतं ते आधी सांगतो. मूल बोलत नसेल तर पहिल्यांदा त्याला ऐकू येतं का ते बघायचं. मग जीभ, टाळू, गिळणं, चावणं. हे सगळं ठीक असलं की चटईवर खेळणी मांडायची, मुलाला तिथं सोडायचं आणि आपण गप्प बसून बघायचं. त्याला काही हवं झालं तर ते कुणाकडे बघतं? पडलं तर कुणाकडे जातं? घाबरलं तर कुणाच्या मागं लपतं? शब्द कानावर पडतात म्हणून मूल बोलत नाही. शब्द तर टीव्हीतूनही दिवसभर पडत असतात. आपण काही म्हटलं की समोरच्या माणसाचा चेहरा हलतो, हे त्याला कळतं आणि मग ते बोलतं. माझी बायको म्हणते, बोलायला शिकवणारा हा माणूस गप्प बसायचे पैसे घेतो. चेष्टा खरी आहे.

आष्टीकडचे एक पुढारी नातवाला घेऊन आले होते. बरोबर गाडीभर माणसं. पोरगं गुटगुटीत, कान उत्तम, शब्द एकही नाही. मी चेंडू कपाटावर ठेवला. पोरानं नुसतं वर बघितलं, तोच दारातल्या कार्यकर्त्यानं चेंडू काढून त्याच्या हातात दिला. मी परत ठेवला. यावेळी दुसऱ्यानं काढला. मी म्हटलं, “साहेब, तुमच्या नातवाला बोलायची गरजच पडलेली नाही. त्याला जरा मागू द्या.” साहेबांना ते आवडलं नाही. “आमच्या घरात कुणाला मागावं लागत न्हाई,” ते म्हणाले. त्यांच्या मागं बसलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, “मतं सोडून.” खोलीत सगळे हसले, आणि सगळे हसले म्हणून पोरगंही हसलं. पुढं त्या म्हाताऱ्यालाच मी कामाला लावलं. पोरानं बोट दाखवलं की यानं न समजल्याचं सोंग करायचं. सोंग इतकं छान करायचा की घरातल्या बायका चिडायच्या. त्या मुलाचा पहिला शब्द ‘दे’ होता. पुढाऱ्याचा नातू, दुसरा कुठला असणार?

कडा गावाच्या बाजूला ऊसतोडीहून परतलेल्या मुलांची तपासणी होती, तेव्हा मी एक पक्का समज घेऊन गेलो होतो. ही मुलं बोलण्यात मागं असणार असं मी गृहीत धरलं होतं. वजनात ती मागं होती, शाळेतही मागं होती, ते झाकण्यात अर्थ नाही. पण बोलण्यात त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. तिथं कोपीला कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपडीला झोपडी लागलेली, आई उसाच्या फडात डोळ्यांसमोर, चहूकडे माणसं. एका चिमुरडीनं माझा तपासणीचा हेडफोन कानाला लावून विचारलं, “ह्याच्यात कुणाचा फोन येतो?” घर पाहिल्याशिवाय घराबद्दल बोलू नये, एवढं मी त्या दिवशी शिकलो. निदान शिकलो असं मला वाटलं.

कारण शंभू माझ्याकडे आला तो त्यानंतर.

पाटोद्याच्या बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान आहे. शंभू तिसऱ्या वर्षातला. दुकान चालवणारा त्याचा बाप काशिनाथ, आई राजश्री आणि आजी पार्वतीबाई, असे तिघं त्याला घेऊन आले. बाकावर एका टोकाला आई बसली, दुसऱ्या टोकाला आजी, मध्ये शंभू. काशिनाथ उभाच राहिला. कपाळावर भस्माचा पट्टा, आवाज मऊ, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘आई म्हणती’. आई म्हणती, याला सगळं कळतं. आई म्हणती, हा दीड वर्षाचा असताना बोलायचा, मग बंद झाला. मला गंमत वाटली. एवढा मोठा माणूस, स्वतःचं काही म्हणतच नव्हता.

बाजाराचा दिवस होता. बाहेर गर्दी होती, कडेवरची पोरं रडत होती. शंभूचे कान ठीक होते. तो चटईवर गाडी फिरवत होता आणि गाडीबरोबर बारीक आवाजात गुणगुणत होता. मी राजश्रीला विचारलं, “तुम्ही याच्याशी दिवसभरात किती बोलता?” तिनं मान खाली घातली. उत्तर पार्वतीबाईंनी दिलं. “ती कुटं बोलती? घरात दिसभर तोंडाला कुलूप. मग लेकरू कुणाचं ऐकून बोलंल?”

मी काशिनाथकडे वळून म्हणालो, “आईनं मुलाशी भरपूर बोललं पाहिजे. आई गप्प राहिली तर मूल गप्पच राहणार.”

हे वाक्य पुस्तकातलं आहे आणि मी ते कितीतरी आयांना ऐकवलं आहे. राजश्रीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते मी पाहिलं. पाहूनही पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट कुणी शिकवत नाही. खोलीत सल्ला म्हणून दिलेलं वाक्य घरी पोचेपर्यंत निकाल झालेलं असतं, आणि तो निकाल घरातला सगळ्यात जोरात बोलणारा माणूस वाचून दाखवतो.

पुढच्या खेपेला ते यायला बराच उशीर झाला. आले तेव्हा काशिनाथ आणि पार्वतीबाई दोघंच होते. शंभूनं गाडीला हात लावला नाही. गुणगुणणं नव्हतं. तो दाराकडे तोंड करून बसला. मी विचारलं, “याची आई?”

“माहेरी हाय,” काशिनाथ म्हणाला. “आई म्हणती, तुमीच म्हणले होते, हिच्यामुळं लेकरू मुकं राहिलं. हिच्यापाशी ठिवलं तर तसंच ऱ्हाईल.”

मी म्हटलं, मी असं म्हणालो नव्हतो. पार्वतीबाई सरसावून बसल्या. “म्हणलात. माझ्यासमोर म्हणलात. आता काहून शब्द फिरवता?”

मी काय म्हणालो होतो ते मला आठवत होतं, आणि त्यांनी त्यात घातलेली भर फार मोठी नव्हती. त्या बाईला खलनायिका करणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. नातवासाठी त्या गडावर अनवाणी जाऊन आल्या होत्या, त्याचं जेवणखाण, आंघोळ स्वतः करत होत्या. घरातला दोष कुणाचा हे त्यांना शिकल्यासवरल्या माणसानं सांगितलं होतं, आणि त्यांनी तो दोष काढून टाकला होता. लेकरापासून आई काढून टाकली होती.

त्या दिवशी काम आटोपल्यावर मी बीडला परतलो नाही. त्यांच्या दुकानात गेलो. काशिनाथनं गल्ल्याशेजारी पोत्यावर जागा करून दिली. मागं पडदा होता, पडद्याआड घर. थोड्या वेळानं आतून पार्वतीबाईंचा आवाज आला, “शंभू, तुझ्या बापाला सांग, चहा झालाय.”

पडदा काशिनाथच्या पाठीला लागून होता. त्याला ऐकू गेलं होतं, मला गेलं होतं, समोरच्या गिऱ्हाइकालाही गेलं असेल. पण तो हलला नाही. शंभू पडद्यातून बाहेर आला, बापाच्या गुडघ्याला हात लावून उभा राहिला. तेव्हा काशिनाथ म्हणाला, “आजीला सांग, सरांना बी टाक.” शंभू आत गेला. भांडं वाजलं, म्हणजे माझाही चहा टाकला गेला होता. एक शब्द न बोलता त्यानं दोन निरोप पोचवले होते, आणि यात काही वेगळं आहे असं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं.

मी विचारलं, “तुम्ही आईशी सरळ बोलत नाही का?”

तो हसला. “बोलतो की. ही नुसती सवय हाय.”

मग हळूहळू त्यानं सांगितलं. शंभूच्या बारशाला राजश्रीच्या माहेरून आलेल्या कापडांवरून पार्वतीबाई चार बायकांत काहीतरी बोलल्या. राजश्रीनं तिथंच उलटून उत्तर दिलं. त्या दिवसापासून सासूसुनेचा अबोला. एक चूल, एक न्हाणी, एकमेकींशी शब्द नाही. पण घर चालवायचं तर बोलावं लागतंच. मग दोघी पाळण्यातल्या लेकराला सांगायच्या. शंभू, तुझ्या आईला सांग, दूध उतू चाललंय. शंभू, तुझ्या आजीला सांग, मला दोनच हात हायेत. लेकरू काय सांगणार? पण जिनं ऐकायचं तिला ऐकू जायचं.

“मग त्याला वाचा फुटली,” काशिनाथ म्हणाला, “आन् त्यानं खरंच सांगितलं.”

राजश्री एकदा भाकरी थापताना स्वतःशीच पुटपुटली होती. शंभू दुडदुडत पार्वतीबाईंकडे गेला आणि म्हणाला, “आजी खोटी.” त्याला वाटलं असेल, रोजचंच काम आहे. त्या दिवशी घरात जे झालं ते काशिनाथनं पुरतं सांगितलं नाही. दोघी त्या लेकराला मध्ये धरून भांडल्या. शेवटी त्यानं शंभूच्या गालावर एक दिली, भांडण थांबावं म्हणून. भांडण थांबलं. शंभूही थांबला.

“आमच्यात जुनंच हाय हे,” तो म्हणाला. “माझे वडील आईशी बोलत न्हवते. मीच सांगायचो इकडचं तिकडं.”

“का बोलत नव्हते?”

“ते मला कुणी सांगितलं न्हाई. मी नुसता सांगायचो.”

पस्तिशीचा माणूस प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या नावानं सुरू करतो, याची मला गंमत वाटली होती. आता त्या गमतीची लाज वाटली.

मी पार्वतीबाईंना बाहेर बोलावलं. त्यांना म्हणालो, “मावशी, शंभू आईच्या गप्प राहण्यानं गप्प झालेला नाही. बोललं की घरात भांडण होतं, हे त्याला कळलंय. मी न बघता बोललो.”

“म्हंजे तवा तिचं चुकलं, आता माझं,” त्या म्हणाल्या. “तुमचं कधी चुकतं का न्हाई, डाक्टर?”

“माझं चुकलं तेच सांगायला आलोय.”

 त्या कप उचलून आत गेल्या. पडद्याआडून कुणाला काही सांगितल्याचा आवाज आला नाही.

राजश्रीचं माहेर कड्याजवळच्या एका खेड्यात. रविवारी काशिनाथ, शंभू आणि मी तिकडं गेलो. ती अंगणात तूर पाखडत बसली होती. शंभू बापाच्या हातातून सुटला आणि पळत गेला. तिच्या मांडीवर चढला, दोन्ही हातांनी तिचा कान झाकला आणि त्या हातांच्या आत तोंड घातलं. हातांच्या फटीतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. मला ऐकू काही आलं नाही, पण माझा धंदाच ओठ बघण्याचा आहे. तो शब्द नव्हता. वाक्यं होती, एकामागून एक, श्वास लागेपर्यंत.



“त्यो बोलतो,” राजश्री म्हणाली. “मधी थांबला होता, मग माझ्या कानात बोलाय लागला. मोठ्यानं बोललेलं कुणाचं बी होतं, कानातलं आमचंच ऱ्हातं.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाही, ताई?”

“तुमी इचारलं कसं? सगळ्यांसमोर, सासूच्या शेजारी बसवून. तिथं सांगितलं असतं तर ते बी काढून घेतलं असतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “एकटीला इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

आजवर मी पुष्कळ चुका केल्या आहेत. एका मुलाचं बहिरेपण मला उशिरा कळलं होतं, त्याची आई अजून भेटते आणि काही म्हणत नाही. पण ती न कळण्याची चूक होती. इथं एका लेकराला सगळ्या जगात बोलायला एकच कान होता, आणि तो मी माझ्या तोंडानं त्याच्यापासून लांब पाठवला होता. मी राजश्रीची माफी मागितली.

“माफी राहू द्या तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “मी येते. पण सासूबाईंनी मला माझ्या नावानं हाक मारायची. लेकराच्या तोंडून न्हाई.”

काशिनाथ म्हणाला, “मी आईला सांगतो.”

“म्हंजे आता तुमी निरोप नेणार?”

तो गोंधळला. मग म्हणाला, “न्हाई. मी माझं सांगतो. मला तू घरात पायजे, असं सांगतो.”

राजश्री सूप हलवायची थांबली. नवऱ्याचं स्वतःचं वाक्य तिनंही बहुधा फारसं ऐकलेलं नव्हतं.

त्यानं आईला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पार्वतीबाई लगेच वाकल्या नाहीत. माझ्या खेपा सुरू राहिल्या, चहाही मिळत राहिला, पण विषय काढला की त्या डबे पुसायला घ्यायच्या. मी सल्ला द्यायचं टाळत होतो. एकदा त्याच म्हणाल्या, “बोलाय काय लागतंय? पण सुरवात कुनी करायची?” मी म्हटलं, “मावशी, शंभूनं केली होती. तो लहान होता म्हणून त्याला मार बसला.” 

राजश्री परत आली तो प्रसंग काशिनाथनं सांगितला. एसटीतून उतरून ती दुकानाशी आली. पार्वतीबाई उंबऱ्यात उभ्या. दुकानात गिऱ्हाईक, सगळ्यांचे कान इकडे. त्या सवयीनं म्हणाल्या, “शंभू, तुझ्या आईला...” आणि थांबल्या. शंभू दोघींच्या मध्ये उभा, एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे. मग त्या म्हणाल्या, “राजश्री, पाणी तापलंय. हातपाय धू.”

राजश्री “हो” म्हणाली आणि आत गेली. एवढंच.

त्या दोघींचं पुढं गूळपीठ जमलं असं काही नाही. महिनाभरात लोणच्यातल्या हिंगावरून त्या कडाकडा भांडल्या. काशिनाथ मला ते इतक्या आनंदानं सांगत होता की मला आधी कळेना काय झालं. “सरळ भांडल्या, सर,” तो म्हणाला. “तोंडाला तोंड. शंभू बाहेर गोट्या खेळत होता.”

घरी हे सगळं बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती पार्वतीबाईंबद्दल काही म्हणेल. ती म्हणाली, “आपल्याकडे नव्हतं का तसं?” मी म्हटलं, आपल्याकडे कुठं? तिनं आठवण करून दिली. बीडला केंद्र काढलं तेव्हा आमच्यात वर्षभर धुसफूस होती. ‘बाबांना सांग, जेवायला चला.’ ‘आईला सांग, मला भूक नाही.’ आमची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. ती बोलायची थांबली नाही, म्हणून मला काही कळलं नाही. आता ती शिकायला बाहेर आहे. फोन मला वेगळा करते, आईला वेगळा करते, आणि दोघांनाही दुसरा कसा आहे ते सांगते. मी आजवर याला तिचा समजूतदारपणा म्हणत आलो.

शंभू आता घरात मोठ्यानं बोलतो. अंगणवाडीत गाणी म्हणतो. दुकानात गिऱ्हाइकाला “सुटे द्या” म्हणून अडवतो, हे पार्वतीबाई अभिमानानं सांगतात. माझ्या खोलीत मात्र तो एक शब्द बोललेला नाही. एका खेपेला चटईवर खेळता खेळता तो माझ्याकडे बघत उठला, आईकडे गेला, तिचा कान दोन्ही हातांनी झाकला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. माझ्याबद्दल असावं, कारण सांगताना दोनदा मागं वळून पाहिलं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “काय म्हणतोय?”

राजश्री म्हणाली, “त्याला सांगायचं आसंल तवा त्यो तुमाला सांगंल, सर. मी निरोप नेत न्हाई.”

त्यानंतर ते एकदा येऊन गेले. मी अजून वाट बघतो आहे.